सहा आठवड्यांचे नऊ झाले

४३ किलो. हा आकडा कुठेही दिसला तरी मला अजून चीड येते.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी वेटलिफ्टिंगच्या ५९ किलो गटात होते. स्नॅच (बार जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर) ७२ जायचा, जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) ९२. राज्य स्पर्धा तोंडावर आलेली, म्हणून सरांनी दिलेल्या सहा सेशनवर मी दर आठवड्याला गुपचूप आणखी तीन चढवली. सरावाच्या वहीत मात्र सहाच. दोन महिन्यांत ६५ सुद्धा डोक्यावर थांबेना, बार मागेच पडायचा. अंग ठणकायचं, पण झोप नाही. घरी सगळ्यांशी भांडणं. डॉक्टर, रक्ताच्या तपासण्या चार दिवसांत उरकल्या. पाळी चुकली असेल तर लपवू नका. मी लपवली होती, आणि डॉक्टर सगळ्यात जास्त त्यावरूनच रागावल्या. खाणं तेवढंच आणि काम दीडपट, मग शरीर तरी काय करणार!

सर एवढंच म्हणाले, "सहा आठवडे ६० टक्क्यांच्या वर जायचं नाही." का, ते नाही. स्पर्धा गेली हेही वेगळं सांगितलं नाही.

७२ चे ६० टक्के म्हणजे ४३. आमच्याकडची अकरावीतली पोर ४५ वर वॉर्मअप करते. एकदा तिने विचारलं, "ताई, तुझं झालं की प्लेटा वाढवू ना?" मी बाथरूममध्ये जाऊन रडले. रोज संध्याकाळी तेच: १५ चा बार, दोन्हीकडे थोडंसं वजन, तीन-तीनचे सेट, घाम यायच्या आत घरी. "सर, कधी वाढवायचं?" तर, "बघू."

तिसऱ्या आठवड्यात मी भांडलेच. म्हटलं, "आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या राष्ट्रकुलमध्ये कोपर दुखावल्यावरही शेवटचा प्रयत्न सोडला नाही. एका किलोने सुवर्ण गेलं, पण रौप्य आणलंच ना!" सर म्हणाले, "ती स्पर्धा होती. तुझा आज मंगळवार आहे. मीराबाई चानूने २०१८ ची एशियाड कंबरेसाठी सोडली, ते नाही आठवत? टोकियो ऑलिंपिकचं रौप्य त्यानंतरचं." मला वाटलं, यांच्याकडे माझ्यासाठी प्लॅनच नाही, नुसता वेळ काढतायत.

रविवारी दुसऱ्या एका जिममध्ये गेले आणि ११० चा स्क्वॅट (बार खांद्यावर घेऊन बैठक) मारला. गेला! काय हलकं वाटलं.

सोमवारी सरांनी वही उघडली. सकाळची नाडी मी रोज लिहायचे, तीही खरी, कारण ती चुगली करेल असं कधी वाटलंच नव्हतं. बिघडले होते तेव्हा ७० च्या वर असायची, आदल्या शनिवारी ६० वर आलेली. सोमवारी ७३. सरांनी बोट ठेवलं. "काल काय केलंस?"

मी सगळं सांगितलं, ती जादाची तीन सेशनंसुद्धा. सर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नवीन पान काढलं आणि वर लिहिलं, 'आठवडा १'.

नाडी उठल्या उठल्या, अंथरुणातच मोजा. मोबाईल हातात घेण्याआधी. एका दिवसाच्या आकड्याने घाबरू नका, पण मागच्या आठ-दहा दिवसांशी ताडून बघा. आणि वही प्रशिक्षकाला दाखवायची असेल तर खरी लिहा; खोट्या वहीवरून त्यांनी आखलेलं वेळापत्रक खोट्याच मुलीसाठी असतं. सरांवर माझा विश्वास नव्हता म्हणते खरी, पण त्यांनी तरी कोणावर ठेवायचा होता? तरीही 'का' एवढं सांगायला दोन मिनिटं लागली असती. ते मी अजून माफ केलेलं नाही.

नवव्या आठवड्याच्या शेवटी सर म्हणाले, "लाव ६५." गेला. ६८ ही गेला. मी ७० मागितलं, तर सरांनी पंखा बंद केला.