एम. सी. रिचर्ड्स: कविता, चाक आणि शिकवणं

कवी आणि कुंभार म्हटलं की आपल्याला तेरचे गोरोबाकाकाच आठवणार, पण नॉर्थ कॅरोलायनात आल्यावर पॉटरीचा क्लास लावला आणि तिथल्या बाईंच्या तोंडून एम. सी. रिचर्ड्स हे नाव ऐकलं, तेव्हापासून मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचतेय.

मेरी कॅरोलाइन रिचर्ड्स, जन्म १९१६, आयडाहोमधली. बर्कलीला इंग्रजीत पीएचडी केली १९४२ मध्ये, म्हणजे प्रोफेसरकीची वाट अगदी सरळ होती, पण १९४५ मध्ये ती आली इथल्या डोंगरातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात. तिथे मार्क नाहीत, सक्तीचे विषय नाहीत, शिक्षक आणि मुलं मिळून शेतात राबायची, एकत्र जेवायची. तिथे ती साहित्य आणि लेखन शिकवायची आणि तिशी उलटल्यावर त्याच कॉलेजात स्वतः चाकावर बसायला शिकली! शिकवणारी बाई तिथेच परत विद्यार्थिनी होते, हे मला फार मोठं वाटतं.

ज्यांनी चाक चालवलंय त्यांना माहितीये, गोळा ठेवला की तो आधी डगमगतो, मग कोपर मांडीला टेकवून दोन्ही हातांनी दाबत दाबत तो मधोमध आणायचा, आणि तो स्थिर झाल्याशिवाय अंगठा घालायचा नाही, नाहीतर भांड्याची भिंत एकीकडे जाड आणि एकीकडे पातळ येते. नुसत्या हाताच्या जोराने हे होत नाही, सगळं अंग शांत लागतं. एम. सी.चं 'सेंटरिंग' हे १९६४ चं पुस्तक याच क्रियेवर उभं आहे, आणि ती म्हणते की कविता लिहिताना, मुलांना शिकवताना, माणूस म्हणून जगताना हेच करायचं असतं. पटतं मला, कारण तिने ते आधी हाताने केलं आणि मग लिहिलं.

बाकी उद्योगही खूप. १९५२ मध्ये संगीतकार जॉन केज यांच्या, संगीत, नाच, कविता सगळं एकाच वेळी चालणाऱ्या गाजलेल्या प्रयोगात शिडीवर चढून कविता वाचल्या, मग १९५४ मध्ये न्यूयॉर्कजवळ स्टोनी पॉइंटला कलाकारांच्या वसाहतीत राहायला गेली, फ्रेंच नाटककार आर्तोचं नाटकावरचं पुस्तक इंग्रजीत आणलं.

पण मला सगळ्यात आवडतो तो तिचा शेवटचा काळ. पेन्सिल्व्हेनियातल्या किम्बर्टनला कॅम्पहिल नावाची वस्ती आहे, तिथे बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं आणि बाकीचे लोक एकाच घरात राहतात, शेती करतात. म्हातारपणी ती तिथे जाऊन राहिली, शिकवत राहिली, चित्रंही काढायला लागली, आणि १९९९ मध्ये तिथेच वारली. एवढं नाव झाल्यावर कुठल्याही मोठ्या युनिव्हर्सिटीने तिला मानाने बोलावलं असतं असं मला तरी वाटतं, तरी तिने राहायला ही जागा निवडली.

ब्लॅक माउंटन कॉलेज १९५७ मध्येच बंद पडलं, पण जवळच अ‍ॅशव्हिलला त्याचं म्युझियम आहे. इकडे कुणी येणार असाल तर नक्की वेळ काढा, आणि पुस्तक मिळालं तर सावकाश वाचा, एका बैठकीत संपवण्यासारखं नाहीये ते.