डेलसन: जंक्शनच्या नावाने वसलेले गाव

मॉन्ट्रियलला जाणारा माणूस सहसा डेलसनला जात नाही, आणि ज्याला रेल्वेचे वेड नाही त्याने वाट वाकडी करून जावे असे मीही म्हणणार नाही. सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण काठावरचे, सात-आठ हजार वस्तीचे हे उपनगर. माझा आतेभाऊ शेजारच्याच काँदियाक गावात बरीच वर्षे राहतो आहे. डेलसन पाहायचे आहे असे मी सांगितले तेव्हा त्याने विचारले, "तिथे काय बघणार? फाटक?" खरे तर मला फाटकच बघायचे होते, पण ते त्याला एकदम सांगायला संकोच वाटला.

मला ओढून नेले ते गावाच्या नावाने. आजूबाजूच्या गावांची नावे संतांची आहेत: सँ-कॉन्स्ताँ, सँत-कात्रीन, सँ-फिलिप. त्यांच्या मधोमध हे डेलसन मात्र कोणा संताचे नाही आणि सरदाराचेही नाही. 'डेलावेअर अँड हडसन' या अमेरिकी रेल्वे कंपनीच्या नावातले पहिल्या शब्दाचे डोके आणि शेवटच्या शब्दाचे शेपूट जोडून ते तयार झाले आहे. ही कंपनी 1823 साली पेनसिल्व्हेनियाचा कोळसा न्यूयॉर्ककडे नेणारा कालवा खोदण्यासाठी निघाली आणि पुढे रेल्वेत शिरली. तिच्या मालकीची नेपियरव्हिल जंक्शन रेल्वे अमेरिकेच्या हद्दीवरच्या राउझेस पॉइंटहून उत्तरेकडे येऊन येथे कॅनडियन पॅसिफिक या कॅनडाच्या रेल्वे कंपनीच्या रुळांना मिळाली. त्या सांध्याभोवती वस्ती झाली आणि 1918 मध्ये तिला स्वतंत्र गावाचा दर्जा मिळाला. आपल्याकडे भुसावळ, मनमाड, दौंड ही गावे रेल्वेने वाढवली, पण त्यांची नावे रेल्वेने दिलेली नाहीत. येथे इंग्रजी कंपनीच्या नावाचे तुकडे घेऊन शंभर वर्षांहून अधिक काळ फ्रेंच बोलणारे लोक सुखाने नांदत आहेत, याची मला मोठी गंमत वाटते.

जाण्याचा उत्तम मार्ग अर्थातच रेल्वेचा. मॉन्ट्रियलमध्ये मेट्रोच्या नारिंगी मार्गावर ल्यूसियाँ-लालिए स्थानक आहे. त्याला लागूनच त्याच नावाचे रेल्वे स्थानक असून तेथून 'एक्सो' या उपनगरी रेल्वे संस्थेची काँदियाककडे जाणारी उपनगरी गाडी सुटते. डेलसन हे शेवटून दुसरे स्थानक आहे. 2001 मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा ती डेलसनपर्यंतच होती, नंतर काँदियाकपर्यंत वाढली. सगळा प्रवास पाऊण तासाच्या आसपासचा आहे आणि त्यातला सर्वांत देखणा भाग लासालच्या पुढे येतो, जेव्हा गाडी सेंट लॉरेन्सवरचा लांबलचक लोखंडी पूल सावकाश ओलांडून मोहॉक या मूलनिवासी लोकांच्या कानावाके प्रदेशात उतरते. तेव्हा खिडकीजवळची जागा सोडू नये. तिकीट गाडीत मिळत नाही. ते आधी घेऊन फलाटावरील यंत्रावर नोंदवावे लागते. डेलसन भाड्याच्या 'सी' (C) विभागात मोडते, त्यामुळे मॉन्ट्रियल शहरापुरते तिकीट येथे चालत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही गाडी नोकरदारांसाठी आहे. सकाळच्या बहुतेक गाड्या शहराकडे जातात, संध्याकाळच्या शहरातून परततात, आणि शनिवारी-रविवारी सेवाच नसते. मी शुक्रवारी संध्याकाळी आलो म्हणून येताना सगळे सुरळीत झाले. दुसऱ्या दिवशी मात्र, वेळापत्रक न पाहता, डेलसनच्या फलाटावर चांगली पंचवीस मिनिटे उभा राहिलो. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका आजींना अखेर माझी दया आली आणि त्या म्हणाल्या, "पा द् त्रँ ला फँ द् स्मेन, मोंस्यू." म्हणजे आठवड्याच्या अखेरीस गाडी नाही. मुंबईच्या लोकलवर वाढलेल्या माणसाच्या डोक्यात सुट्टीच्या दिवशी गाडी कमी असेल हे येते, नसेलच हे येत नाही. थोडा फ्रेंच शिकलेल्यांसाठी एक गोष्ट सांगतो: पॅरिसचे लोक 'वीकएंड' म्हणतात, क्वेबेकमध्ये, म्हणजे या प्रांतात, मात्र 'फँ द् स्मेन' असाच शब्द चालतो.

गावात पायी फिरायला दीड-दोन तास पुरे होतात. 132 क्रमांकाचा रस्ता म्हणजे दुकाने, पेट्रोल पंप आणि वाहनतळ यांची रांग, तो टाळावा. आतल्या गल्ल्यांत बैठी, नीटस घरे आहेत, तोर्तू म्हणजे 'कासव' नावाची छोटी नदी आहे आणि जिकडे जावे तिकडे रूळ आडवे येतात. एक फाटा पूर्वेकडे काँदियाकच्या बाजूला जातो, दुसरा दक्षिणेला वळून अमेरिकेच्या हद्दीकडे जातो. गाव ज्याच्यामुळे जन्मले तो सांधा हाच. डेलावेअर अँड हडसन 1991 मध्ये कॅनडियन पॅसिफिकने विकत घेतली, त्यामुळे रुळांवर ते नाव आता राहिलेले नाही. राहिले आहे ते फक्त गावाच्या पाटीवर. रूळ ओलांडायचे ते फक्त फाटकावरून, छायाचित्रासाठी रुळांलगत जाणे हा येथे गुन्हा आहे.

मुक्कामाचा बाकीचा सगळा वेळ मात्र 'एक्सपोरेल'साठी ठेवावा. हे कॅनडाचे रेल्वे संग्रहालय शेजारच्या सँ-कॉन्स्ताँमध्ये, रू सँ-पिएर या रस्त्यावर आहे. रेल्वेप्रेमींच्या 1932 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने 1961 मध्ये ते सुरू केले. मी तीन तास धरून गेलो होतो आणि पाच तासांनी आतेभावाने फोन करून बाहेर काढले. निळ्या रंगाचे, माशासारखे निमुळते 'डोमिनियन ऑफ कॅनडा' हे वाफेचे इंजिन येथे आहे. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने 1937 मध्ये बांधलेले हे इंजिन वेगाचा विक्रम करणाऱ्या 'मॅलार्ड'च्याच वर्गातले. या वर्गाची 35 इंजिने होती, त्यांतली सहा उरली आहेत. याच मालिकेत 'एम्पायर ऑफ इंडिया' नावाचेही एक इंजिन होते. त्याचे नशीब वेगळे, ते 1964 मध्ये भंगारात गेले. डोमिनियनच्या चाकांवरचे पत्र्याचे आवरण खाली जिथे संपते तिथे वाकून पाहिले, तर माणसाहूनही उंच चाके दिसतात, आणि इतका गोंडस आकार कशावर उभा आहे ते कळते.

डिझेलच्या दालनात काही इंजिनांवर मॉन्ट्रियल लोकोमोटिव्ह वर्क्सचे नाव आढळते. आपल्या मीटरगेजवर धावलेली वायडीएम-4ए जातीची इंजिने याच कारखान्यात तयार झाली होती, हे लक्षात आल्यावर मी ती पाटी दोनदा वाचली. 1892 ची मॉन्ट्रियलची पहिली विजेची ट्राम 'रॉकेट' हीदेखील चुकवू नये. उन्हाळ्यात आवारात जुन्या ट्रामची फेरी असते. संग्रहालयाचे दिवस आणि वेळा ऋतूनुसार बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या पाहाव्यात. हाताशी मोटार असेल तर जवळच्या ला प्रेरीलाही जाऊन यावे. कॅनडाची पहिली रेल्वे 1836 मध्ये तेथून सुटली, आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या सतरा वर्षे आधी.

खाण्याबाबत शाकाहारी मंडळींनी सावध राहावे. रस्त्याकडेच्या 'कास-क्रूट'मध्ये, म्हणजे टपरीवजा खाणावळीत, पुतीन हमखास मिळते: बटाट्याच्या तळलेल्या कांड्या, चीजचे ताजे गोळे आणि वर गरम सॉस. सॉस बहुधा मांसाच्या रसाचा असतो, म्हणून आधी विचारून घ्यावे. चीज दातांखाली किंचित 'चुक' असे वाजले तर ते ताजे समजावे. येथे 'देझने' म्हणजे सकाळची न्याहारी, 'दिने' म्हणजे दुपारचे जेवण आणि 'सुपे' म्हणजे रात्रीचे. पुस्तकी फ्रेंचवर विसंबून 'दिने'ला संध्याकाळी पोहोचलात तर यजमान उपाशी राहतील. दुकानात शिरताना 'बोंजूर' म्हणून सुरुवात करावी, नंतर इंग्रजी निभावते. मोटार चालवणाऱ्यांसाठी आणखी एक: लाल दिव्यावर उजवीकडे वळणे मॉन्ट्रियल बेटावर मना आहे, डेलसनमध्ये, पाटीने मनाई केली नसेल तर, चालते.

आणि फाटकाचा हिशेब धरूनच निघावे. काही गाठायचे असेल तर दहा मिनिटे जास्तीची ठेवावीत, कारण मालगाडी आली की ती संपता संपत नाही. परतताना आम्ही नेमके अडकलो. मी खिडकीची काच खाली करून वाघिणी मोजू लागलो, सत्त्याण्णवपर्यंत आलो, तेव्हा आतेभाऊ म्हणाला, "पाहिलेस ना फाटक? आता काच वर कर, डास येताहेत."