मुकादमाचं काम कोण करणार?

गेल्या वर्षी दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातल्या एका गावात मी नाटकाचा वर्ग सुरू केला, तेव्हा निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं होतं. आजीजवळ राहिलेल्या आठवी ते दहावीच्या अकरा मुली आल्या. त्यांना धोका कसला, ते गावात वेगळं सांगावं लागत नाही. नवराबायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या माणसाकडून, उचल (कामाआधीचे पैसे) मिळते ती त्या हिशेबानं. शिवाय वयात आलेली पोर सहा महिने म्हातारीच्या भरवशावर कशी ठेवायची, हा आईबापाला घोर. मग अठरा भरायच्या आतच लग्न उरकून टाकतात.

पहिल्या दिवशी म्हटलं, स्वतःबद्दल लिहा. सगळ्यांनी निबंध लिहिला. 'माझी आई प्रेमळ आहे.' अकरा प्रेमळ आया! चूक माझीच, शाळेच्या खोलीत वही दिली की निबंधच येणार. पुढच्या आठवड्यात म्हटलं, गाडीत काय भरतात आणि घरी काय राहतं, नुसती यादी करा. मग पेनं थांबेनात. पत्र्याची पेटी, बाजरीचं पीठ, धाकट्याच्या झोळीचा दोर, दोन कोंबड्या. घरी राहणाऱ्यांच्या यादीत एकीनं लिहिलं होतं: आजी, शेळी, मी, लाइटबिल.

मी इतकी हुरळले की वह्या घरी नेऊ दिल्या. एकीची वही चुलत्यानं वाचली. आठ दिवस ती आली नाही. आली तेव्हा कशी सुटली हे तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तेव्हापासून वह्या शाळेतल्या पेटीत, किल्ली मुलींकडे. आणि नाटकात कुणा एकीची गोष्ट जशीच्या तशी घ्यायची नाही, हेही ठरलं.

नाटक फोरम थिएटरच्या पद्धतीचं. ब्राझीलचे ऑगस्टो बोआल १९७३ साली पेरूत साक्षरतेच्या कामावर असताना एक प्रेक्षक बाई हटून बसली की नट माझं म्हणणं नीट दाखवत नाहीत. शेवटी त्यांनी तिलाच वर बोलावलं. तिथून ही रीत निघाली. प्रसंग वाईट वळणावर संपवायचा आणि पुन्हा सुरू करायचा. प्रेक्षकानं 'थांबा' म्हणायचं, पात्राच्या जागी उभं राहून दुसरं काही करून बघायचं. पुस्तकात सोपं वाटतं.

तालमीत मुलीचं लग्न ठरवण्याच्या प्रसंगात पहिली उठली तिनं सरळ १०९८, मुलांच्या मदतीचा नंबर, लावला. बालविवाहाविरुद्धचा २००६ चा कायदा, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, लाखापर्यंत दंड, हे मीच पाठ करून घेतलेलं, त्यामुळे मी खूश. चुलता झालेली म्हणाली, "फोन तर माझ्या खिशात हाय." दुसरी ग्रामसेवकाकडे निघाली, गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच. "त्यो बसलाय की पंगतीला!" मागून कुणीतरी ओरडलं. हसून पुरेवाट झाली. कायदा त्यांना माझ्याइतकाच माहीत होता. फोन केल्यावर रात्री त्याच घरात झोपायचं कसं, हे मला माहीत नव्हतं. पुढचे दोन आठवडे तेवढ्यावरच गेले: आधी कुणाला सांगायचं? मावशीला, बाईंना, की आशाताईला?

मुकादम व्हायला कुणी तयार नव्हतं. शेवटी सगळ्यांत अबोल पोर उठली, गॉगल लावला आणि फोनवर असं काही बोलली की बाकीच्या गप्प.

पाडव्यानंतर माणसं परतली, तेव्हा देवळाच्या पारावर प्रयोग केला. बराच वेळ कुणी 'थांबा' म्हणेना. मग एक बाई उठली. नियमानं तिनं मुलीच्या जागी यायला हवं होतं. ती आईच्या जागी उभी राहिली. मी अडवलं नाही. म्हणाली, "उचल आम्ही घेतली. पोरीनं न्हाई घेतली." मुकादमानं गॉगल काढला नाही. "मग पैसे कधी देता?" हे वाक्य आमच्या संहितेत नव्हतं. बाई उभीच राहिली. मागं बसलेले पुरुष खाली बघत होते. प्रसंग तिथंच अडकला आणि मला तो सोडवता आला नाही.

त्या उन्हाळ्यात एकीचं ठरलेलं लग्न दहावीनंतर बघू म्हणून पुढे गेलं. मोडलं नाही, पुढे गेलं. नाटकामुळे की आजी आजारी पडली म्हणून, सांगता येत नाही.

यंदा दिवाळीनंतर त्या पैशांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करायची आहे. मुकादम मात्र नवा शोधावा लागेल. आमची ती अकरावीला अंबाजोगाईला गेली.