कोपीवरचा रकाना नंबर दहा

2027 च्या जनगणनेत जात पण विचारणार, सगळं मोबाईलवर, हे वाचलं आणि 2011 च्या जनगणनेतली ती कोपी, म्हणजे ऊसतोड मजुरांची तात्पुरती झोपडी, परत डोक्यात आली. मी तेव्हा झेडपीचा मास्तर, वाळवा तालुक्यात प्रगणक, म्हणजे घरोघरी जाऊन माणसं मोजणारा. दिवसभर शाळा आणि मग घरं, हे सगळ्यांना माहितीच आहे. माझ्या ब्लॉकात मात्र ऊसतोडीच्या कोप्या होत्या, बीडकडचे बंजारा. ते पहाटे तीनला फडात, ऊस तोडायला, जाणार म्हणून मी रात्री बॅटरी घेऊन जायचो.

नियम असा की 9 ते 28 फेब्रुवारी जो पूर्ण काळ घराबाहेर आहे त्याला जिथे सापडेल तिथे मोजायचं. म्हणजे हे माझे. पण तांड्यावर मागे राहिलेला म्हातारा तिकडच्या प्रगणकाला सगळ्या घरादाराची नावं सांगणारच ना, मग डबल. ट्रेनिंगमध्ये हे विचारलं तर साहेब म्हणाले, तुम्ही तुमचं बघा. असं सगळं.

एका कोयत्याचा, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीचा, फॉर्म भरत होतो. फॉर्मला घडी पडू द्यायची नाही, आकडा चौकटीच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही, आणि खाली वाडं, उसाचे हिरवे शेंडे, अंथरलेलं. बाईला मोठ्या पोराचं वय माहीत नाही, "किल्लारीच्या भूकंपात कडेवर होता बघा," भूकंप 1993 चा, म्हणजे अठरा-एकोणीस धरा. चार पोरं, जन्माचे जिल्हे तीन, कारण दोघं फडातच झालेली. एससी-एसटीचा रकाना आला तर दोन्हीत नाही. हेच लोक कर्नाटकात एससी, आंध्रात एसटी, आपल्याकडे विमुक्त जाती, आणि विमुक्तांना फॉर्मात जागाच नाही.

मग दहा नंबर, मातृभाषा. मुकादम, म्हणजे टोळी आणणारा, मधेच बोलला, "मराठी लिहा सर, कशाला भानगड." बाई भाकरी थापत होती, वर न बघता म्हणाली, "मराठी तुमच्यासंगं बोलतो गुरुजी. घरात गोरमाटी." गोरमाटी म्हणजे बंजाऱ्यांची बोली. सूचना स्पष्ट होती, सांगितलं ते लिहायचं. मी लिहिलं, मुकादम हसला, आणि खरं सांगतो मला स्वतःचं जरा कौतुकच वाटलं.

2018 ला त्या जनगणनेचे भाषांचे तक्ते आले तेव्हा मुद्दाम शोधलं. गोरमाटी नावाची ओळ दिसली नाही. लमाणी-लंबाडी, म्हणजे तीच बोली दुसऱ्या नावानं, आहे, 32 लाखांवर बोलणारे, बंजारी वेगळी ओळ, आणि दोन्ही हिंदीच्या पोटात, पन्नासावर बोलींसोबत. राजस्थानीशी नातं आहे म्हणून असेल, भाषेचे लोक सांगतील. पण मुकादमाचं ऐकलं असतं तर ती बाई मराठीत गेली असती, तिचं ऐकलं म्हणून हिंदीत गेली असणार. आणि पुढच्याच अकरा नंबरात, इतर येणाऱ्या भाषा, तिथे मी माझ्या हातानं लिहिलं होतं, फक्त मराठी. हिंदी येते का विचारलं तर तिनं मान हलवली होती, नाही म्हणून.