खोलीचं तापमान

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात. कुणाच्या खोलीच्या? हा नियम युरोपातल्या दगडी घरांचा, तिथे 16-18 अंश असायचे. घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये मेच्या दुपारी पंखा फुल असला तरी 32 असतात. त्या वाइनला नाकाशी न्यावं तर नुसता अल्कोहोलचा भपका. इलाज साधा आहे: अर्धा तास फ्रिजमध्ये. पाहुण्यांनी भुवया उंचावल्या तर उंचावू द्याव्यात.

अर्थात बाटली घरी पोचण्याआधीच वाया गेलेली असू शकते. ठाण्याहून नाशिककडे वाइनरी बघायला निघालेली मंडळी हमखास चुकतात ती डिकीत. सकाळी अकराला पहिल्या ठिकाणी चार बाटल्या घ्यायच्या आणि गाडी दिवसभर उन्हात उभी करायची. डिकी तापते, वाइन फुगते, बूच रेसभर वर येतं आणि गळ्यावरून चिकट ओघळ उतरतो. स्क्रू कॅपला ओघळ येत नाही, पण आतली चव शिजवलेल्या मनुकांची. म्हणून खरेदी शेवटच्या ठिकाणी, उन्हं कलल्यावर. नाहीतर मासे आणायला नेतो तो थर्माकोलचा डबा बरोबर असू द्यावा.

ठिकाणं दोनच पुरेत. माजिवडा साडेसहाला सोडलं तर भिवंडी बायपासचे कंटेनर अंगावर यायच्या आत शहापूर गाठता येतं. कसारा घाट चढून घोटीजवळ महामार्ग सोडला की कावनईच्या शिवारात, मुकणे धरणाच्या पाण्यासमोर व्हॅलोने ही वाइनरी आहे, छोटीशी. तिथून पुढे नाशिकला गंगापूर धरणाच्या काठी यॉर्क. शेजारची सुला एव्हाना जत्रेएवढी झाली आहे. तिथे रविवारी पार्किंग मिळणं हाच एक कार्यक्रम. 2 ऑक्टोबर किंवा आषाढी एकादशीला जाऊ नये, ड्राय डेला नुसतं पाणी बघून परतावं लागतं.

पाण्याचं आणि द्राक्षांचं मात्र जमत नाही. धरण काठोकाठ असतं सप्टेंबरात, तेव्हा वेलींवर नुसती पानं. मग गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, होते, आणि जानेवारी ते मार्चमध्ये घड तयार होतात तोवर पाणी काठ सोडून आत गेलेलं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर तर बागेत काड्याच. एकच दिवस काढायचा तर फेब्रुवारीतला काढावा.

तेव्हा कुणी हातावर शिराझचे, म्हणजे रेड वाइनच्या द्राक्षाचे, चार मणी ठेवले तर खाऊन बघावेत. बाजारातल्या बिनबियांच्या थॉम्पसन द्राक्षांची सवय असलेलं तोंड गोंधळतं. मणी करवंदाएवढा, साल जाड, आत बिया, आणि गोडी मात्र जास्त: 22-24 ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप), थॉम्पसन 18च्या आसपास. वाइनचा रंग त्या सालीतच असतो, टॅनिन सालीत आणि बियांत. जांभळं खाल्ल्यावर जीभ जशी खरखरीत होते, तेच टॅनिन. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात. तोडणी पहाटे करतात. उन्हात तापलेला घड क्रेटमध्ये दबून फुटला की रस तिथेच आंबायला लागतो.

टेस्टिंगला एकेक ओतणं 30 मिलीचं. पाच प्रकार म्हणजे चांगला एक ग्लास झाला, आणि दुसऱ्या ठिकाणी आणखी एक. टेबलावरचं ते रिकामं भांडं फुलदाणी नव्हे, थुंकायला असतं, लाजू नये. जो गाडी चालवणार त्याने थुंकण्यावरही विसंबू नये, त्याने द्राक्षाचा रस प्यावा. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा, आणि परतीला कसारा घाट उतरायचा असतो.

आधी पांढरी, मग लाल. सोव्हिन्यॉ ब्लां या पांढरीला कच्च्या पेरूचा, कधी ढोबळी मिरचीचा वास येतो, पण शेजारच्याने अत्तर फासलं असेल तर तेवढंच येतं. जेवणानंतर बडीशेप चावलीत की पुढचे दोन ग्लास बडीशेपेचे. तिखट चिवड्यावर शिराझ घेतली तर जीभ भाजते. शेनिन ब्लां ही दुसरी पांढरी किंचित गोडसर असेल तर चिवडा चालतो, नव्हे, छान लागतो.

एवढं सगळं सांभाळूनही, धरणाकाठी वाऱ्यात आवडलेली वाइन पुढच्या शनिवारी घरी उघडली की आंबट वाटते. आधी फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवून बघा. तरीही नाही जमली, तर मटणाच्या रश्श्यात अर्धी वाटी घाला, कांदा परतून झाल्यावर.