तुम्ही विचारलंत म्हणून: 'कधी?'चं उत्तर मी का आखडतं घेते

"पत्रिका बघून लग्न-नोकरी कधी ते पूर्वी वर्ष-महिन्यासकट सांगायचात, आता नुसतं 'बघू या' का म्हणता?" हे इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच लिहून टाकते. पुढच्या वेळी हेच वाचायला देईन.

मला येईनासं झालेलं नाही, हे आधी लक्षात घ्या. ज्योतिषाची पद्धत तीच, कृष्णमूर्तींची, ग्रहाच्या नक्षत्राला आधी विचारणारी. कार्येश, म्हणजे त्या कामाचं फळ देणारे ग्रह, तसेच काढते, सप्तमाचा (विवाहाच्या सातव्या घराचा) सब, म्हणजे नक्षत्राचा उपविभाग, आधी बघते, मगच दशेला, म्हणजे ग्रहाच्या ठरलेल्या काळाला हात लावते. मी घाबरले असं ज्यांना वाटतं ते थोडेसे बरोबर आहेत, पण त्यांना वाटतं त्या कारणासाठी नाही.

माझ्या मावसबहिणीची पत्रिका. मेष लग्न (जन्मवेळी उगवती रास), शुक्र मीनेत उच्चीचा, आणि ऐन विशीत त्याचीच २० वर्षांची महादशा सुरू. घरात आनंदीआनंद. सप्तमेश, म्हणजे सातव्या घराचा मालक, उच्चीचा म्हटल्यावर मांडव घालायचा तेवढा बाकी! मी एकटी 'थांबा' म्हणत होते. शुक्र रेवतीत, म्हणजे बुधाच्या नक्षत्रात. बुध दशमात बसलेला, मालकी तृतीय-षष्ठाची. ग्रह स्वतःच्या घराआधी नक्षत्रस्वामीचं फळ देतो, त्यामुळे हा शुक्र आधी ३, ६, १० या घरांचं फळ देणार, मग स्वतः बसलाय ते १२, आणि सगळ्यात शेवटी मालकीचे २ आणि ७. लग्नाला २, ७, ११ लागतात. त्यांची व्ययस्थानं, म्हणजे प्रत्येकाच्या आधीचं घर काढा: १, ६, १०. नोकरी देणारे ६ आणि १० तेच लग्नाला खातात. झालंही तसंच. मुलीला नोकरी लागली, बढती झाली, बदली झाली. स्थळं येऊन जात राहिली. त्यात तिचं जन्मनक्षत्र आश्लेषा. सासूला वाईट म्हणून काहींनी पत्रिका बघूनच नकार कळवला.

मावशी म्हणाली, "मग कधी?" मी वहीत अंतर्दशा, म्हणजे महादशेतले छोटे काळ मांडले. राहू सप्तमात, तुळेत, स्वतःच्याच स्वातीत. देणार तर हाच, आणि त्याची अंतर्दशा ३ वर्षांची. त्याच्या आधी मंगळाचे १४ महिने. मंगळ लग्नेश, कन्येत, षष्ठात, तोही स्वतःच्याच चित्रेत. त्याच्यासमोर मी लाल पेनानं 'नाही' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मावशी शेजारी बसून बघत होती.

त्या मंगळातच तिच्या ऑफिसातल्या एका मुलानं तिला विचारलं. तिला तो आवडत होता. मावशीनं मला फोनसुद्धा केला नाही. विचारायचं काय होतं, लिहिलेलं होतंच. "आत्ता ठरवलं तरी मोडेल, राहू लागू दे," असं म्हणून त्याला थांबायला सांगितलं. तो थांबला नाही. कशाला थांबेल?

राहूत तिचं लग्न झालं, दुसऱ्या मुलाशी. मावशीनं चारचौघांत सांगितलं, "हिनं आधीच लिहून दिलं होतं." तुमच्यातले बरेच जण माझ्याकडे आलात ते त्या लग्नातलं ऐकूनच. हळदीच्या दिवशी बहीण मला आतल्या खोलीत म्हणाली, "ताई, मंगळानं मोडलं की तुझ्या वहीनं?" मी म्हटलं, अगं, मंगळ षष्ठात आहे तुझा. ती म्हणाली, "तो जन्मापासून आहे गं. वही आईनं तेव्हा बघितली."

यावर मी तिच्याशी कमी आणि स्वतःशी जास्त भांडले आहे. तेव्हाची मी म्हणते, फळ मिळायला निमित्त लागतंच. कुणाचे वडील आडवे येतात, कुणाची बदली, इथे वही आली. ज्योतिषीही त्या षष्ठातलाच. युक्तिवाद बिनतोड आहे, आणि तेच मला खुपतं. असं म्हटलं की माझं भाकीत खोटं ठरायला जागाच उरत नाही. मी लिहिलं नसतं तरी ते मोडलं असतं का, हे बघायला तीच मुलगी दुसऱ्यांदा कुठून आणू?

इथे कुणीतरी पुण्यातली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांची ज्योतिषाची चाचणी काढतंच. २७ ज्योतिषी, प्रत्येकाला ४० पत्रिका, मूल हुशार की मतिमंद ते ओळखायचं. ४६ टक्के बरोबर आली, नाणेफेकीपेक्षा कमीच. 'तो प्रश्न बुद्धीचा होता, वेळेचा नव्हता' असं मी म्हणते, आणि म्हणताना माझं मलाच पुरेसं वाटत नाही.

ज्यांना तारीखच हवी त्यांनी थोडा हिशोब करावा. लाहिरी आणि कृष्णमूर्ती अयनांशात, म्हणजे राशिचक्राची सुरुवात धरायच्या दोन हिशोबांत, साधारण ६ कलांचा फरक आहे (६० कलांचा एक अंश). बहिणीचं जन्मनक्षत्र आश्लेषा बुधाचं. नक्षत्राच्या ८०० कलांना बुधाची १७ वर्षं, म्हणजे तेवढ्यानंच तिच्या सगळ्या दशा दीड महिना सरकतात. सर्वांत लहान सब ४० कलांचा, लग्नबिंदू (क्षितिजावर उगवणारा बिंदू) तो अदमासे तीन मिनिटांत ओलांडतो. आणि तुम्ही मला वेळ देता 'साडेदहाच्या सुमारास'!

तर हल्ली मी जन्मवेळ कुणी पाहिली होती ते विचारते, अनुकूल काळ सांगते आणि प्रतिकूल काळ गिळून टाकते. अर्धंच सांगणं ही फसवणूक आहे असं मीच पूर्वी तावातावानं म्हणत असे. नोकरी सोडून धंद्यात पडणाऱ्या एकाला असंच पुढचं चांगलं तेवढं सांगितलं, मधल्या वर्षातल्या ८ आणि १२ या वाईट घरांबद्दल बोलले नाही. परवा तो आला. "मधलं वर्ष दिसत होतं ना तुम्हाला?" दिसत होतं. मी त्याला मावसबहिणीचं सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तिचं झालं ते झालं. माझे हप्ते कोण भरणार?"