डबल टँक: निवड दोन दिवसांत, हायड्रो टेस्ट दीड महिन्यात

डबल, म्हणजे पाठीवर जोडीने बांधायचे डाइव्हिंगचे दोन टँक, हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाने टँकची तपासणी) घेऊन गेलो. फॉर्मवर ‘कोणता वायू’ असा रकाना होता आणि त्यात तीनच पर्याय छापलेले: ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड. मी शेजारी ‘हवा’ लिहिलं. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, “हवा कोण सिलिंडरात भरतंय साहेब? हवा फुकट आहे की.” तिथून पुढे दीड महिना गेला.

आधी निवडीचं सांगतो, ते सोपं होतं. सांगलीहून आपलं पाणी म्हणजे मालवण-तारकर्ली, फार तर कर्नाटकातलं नेत्राणी बेट. पाणी कोमट, अंगात 3 मिमीचा वेटसूट. अशा सूटवर स्टीलचे डबल घेऊ नका. 12 लिटरची स्टीलची जोडी 232 बार दाबाला भरली की नुसती हवाच सहा किलोच्या वर. बुडण्यासाठी कमरेला बांधायच्या शिशाची गरज जवळजवळ उरत नाही, म्हणजे विंग (तरंगायला हवा भरायची पाठीवरची पिशवी) फाटली तर टाकून द्यायला कमरेला काहीच नसतं. खोलीवर सूटचं रबर, म्हणजे निओप्रीन, दबून सूटही तरंगवत नाही. ड्रायसूटवाल्या (आत पाणी न येऊ देणारा सूट) थंड देशांत स्टील शोभतं, तिथल्या लोकांचं ऐकून आपण ते का घ्यावं?

अॅल्युमिनियम 80 घ्या. एकेक टँक 11.1 लिटर, 207 बार, व्यास 184 मिमी. भरलेला पाऊण किलोच्या आसपास बुडतो, रिकामा दोनेक किलो तरंगतो. म्हणून शिसं किती ते, वर येताना घ्यायच्या शेवटच्या थांब्यावर जोडी रिकामी आहे असं धरून ठरवायचं. टँक जिच्यावर बसतात ती पाठीवरची बॅकप्लेट स्टीलची, बाकीचं शिसं कमरपट्ट्यावर. टँकचा बुडखा डाइव्हच्या शेवटी वर उठतो, थोडं वजन खाली बांधलं की शरीर आडवं राहतं. पुढे टेक्निकल कोर्स केला आणि ड्रायसूटवर स्टील घेतलं, तरी हेच अॅल्युमिनियमचे टँक सुटे करून स्टेज, म्हणजे जादा टँक, म्हणून कुशीला लावता येतात. भविष्याची तजवीज म्हणाल तर हीच.

हिशेब असा: दोन्ही मिळून 22.2 लिटर, 200 बारला 4440 लिटर. तिसऱ्या हिश्श्याच्या नियमाने जायला 1480, तेवढीच परतीला, तेवढीच राखीव. मिनिटाला 20 लिटर श्वास घेणाऱ्याला 30 मीटरवर 80 लागतात, म्हणजे साडेअठरा मिनिटं. एकट्या टँकवर साध्या डाइव्ह करणाऱ्याला एवढं लागत नाही. हौस असेल तरच 35 किलोच्या पुढचं हे ओझं पाठीवर घ्या.

मी जुनी जोडी घेतली, आणि तिथेच अडकलो. टँकच्या खांद्यावरचा हायड्रोचा शिक्का जुना. भरणाऱ्याने तारीख वाचली आणि कंप्रेसरची नळी परत गुंडाळून ठेवली. तो बरोबर होता.

आपल्याकडे सिलिंडरची तपासणी पेसोची (स्फोटकं आणि दाबाखालच्या वायूंवर देखरेख ठेवणारं केंद्र सरकारचं खातं) मान्यता असलेल्या केंद्रातच व्हायला हवी, आणि बाहेरून आलेल्या सिलिंडरला आयातीची परवानगी लागते. म्हणून विकणाऱ्याला पैसे देण्याआधी तो कागद मागा. माझ्याकडे होता, तरी केंद्राने चारदा झेरॉक्स मागितली. ती निमूट दिली.

खरी भानगड आट्यांची. अॅल्युमिनियम 80 च्या मानेत पाऊण इंची, इंचाला 14 आट्यांचे सरळ आटे असतात, ओ-रिंगवर (रबरी कडी) बसणारे. केंद्रात सगळी कामं औद्योगिक सिलिंडरची, त्यांचे आटे निमुळते. अॅडॉप्टर नव्हता. हे त्यांना पहिल्या दिवशी कळायला पाहिजे होतं, कळलं अठराव्या दिवशी. तोवर टँक व्हॉल्व काढून, तोंड उघडं, शेडमध्ये धूळ खात उभे. एकाने शेजारच्या लेथवर अॅडॉप्टर काढून द्यायची तयारी दाखवली. 207 बारच्या टँकची चाचणी 345 बारला होते. त्या दाबाखाली बसणारी वस्तू अंदाजाने काढायची नसते, मी नको म्हटलं. दुसऱ्याने 25 मिमीचा, 2 मिमी अंतराच्या आट्यांचा अॅडॉप्टर आणला. तो पाऊण इंची मानेत चार-पाच फेरे जातो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो, आणि दाबाखाली उडतो. व्हॉल्व विकत घेतानाही हाच घोळ होतो. दुकानदाराने “बसतंय की” म्हटलं तरी आट्याचं नाव त्याच्याकडून वदवून घ्या.

अॅडॉप्टर आल्यावर पुढचा वाद. त्यांना नुसता दाब देऊन, गळत नाही पाहून शिक्का मारायचा होता. मला वॉटर जॅकेटमधली चाचणी हवी होती: टँक पाण्याच्या डब्यात ठेवून दाब देतात, किती फुगला ते मोजतात, दाब सोडल्यावर किती फुगलेलाच राहिला तेही मोजतात. राहिलेलं फुगणं एकूण फुगण्याच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर टँक बाद. हे दोन्ही आकडे कागदावर लिहून घ्या. नुसतं ‘पास’ लिहिलेला कागद मी परत केला, त्यावर मला ‘फार शिकलेले’ असं म्हटलं गेलं.

टँक परत आले तेव्हा एकामध्ये अर्धी वाटी पाणी. उलटा केल्यावर फरशीवर सांडलं, मग पांढरट गाळ. अॅल्युमिनियममध्ये पाणी राहिलं की पांढरी भुकटी धरते. बारीक दिवा आत सोडून तळ आणि मानेचे आटे बघा, मग कोरड्या, तेल नसलेल्या हवेने सुकवा. शेगडी किंवा हीट गन नाही. एमआयडीसीत पावडर कोटिंग करून घ्यायचा मोहही आवरा: भट्टीत टँक 175 अंशांच्या वर गेला तर धातूचा कस जातो आणि टँक भंगारात. जुना रंग उखडलेला असला तरी चालतो. शिक्का खांद्यावरच मारायचा, अंगावर नाही. 1990 च्या आधीचे टँक 6351 मिश्रधातूचे असू शकतात, त्यांच्या मानेला भेगा पडू शकतात. असले फुकट मिळाले तरी नको.

जोडणी मात्र घरच्या अंगणात दुपारभरात झाली. टँक सपाट फरशीवर उभे, व्हॉल्व घट्ट, दोन्ही मानांच्या मध्यातलं अंतर 215 मिमी. दोन्ही टँक जखडणारे पट्टे 184 मिमीचेच, 171 चे 12 लिटरच्या स्टीलसाठी. पट्टे आधी सैल. मॅनिफोल्डची (दोन्ही व्हॉल्व जोडणारा भाग) आडवी नळी दोन्हीकडे सहज बसली पाहिजे. ती बसवायला टँक ओढावे लागले तर पट्टे सोडून पुन्हा सुरुवात, नाहीतर नळीच्या ओ-रिंगा पहिल्याच आठवड्यात बुडबुडे सोडतात. मग पट्टे आळीपाळीने आवळायचे. बॅकप्लेटच्या बोल्टांमधलं अंतर 11 इंच. 50 बार भरून साबणाचं पाणी लावलं, उजव्या मानेखाली बारीक फेस आला, ओ-रिंग बदलली, थांबला.

भरताना मधला आयसोलेटर, म्हणजे दोन टँकमधली वाट बंद करणारा व्हॉल्व, पूर्ण उघडा ठेवा. बंद राहिला तर एकच टँक भरतो आणि डाव्या पोस्टवरचा (व्हॉल्वचं तोंड) गेज दुसऱ्याचा आकडा दाखवत राहतो. नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा) असेल तर दोन टँकमध्ये दोन मिश्रणं. भरून झाल्यावर गेज एकदा बघून मगच गाडीत ठेवा, तेही सावलीत: अंशामागे दाब साधारण पाऊण बार चढतो, आणि मेमधली सांगलीतली बंद गाडी म्हणजे तंदूर.

श्वास घ्यायच्या रेग्युलेटरची लांब नळी उजव्या पोस्टवर, बॅकअप रेग्युलेटर डाव्यावर. हात मागे जाऊन दोन व्हॉल्व आणि आयसोलेटर अशा तिन्ही चाव्या फिरल्या पाहिजेत, तेही सूट घालून. फिरत नसतील तर पट्टे टँकवर खाली सरकवा, म्हणजे टँक पाठीवर वर येतील.

राहिलंच: मालवणला शेवटची डाइव्ह करून संध्याकाळी गगनबावड्याने घरी निघू नका. घाटमाथा 600 मीटरच्या वर आणि सांगली स्वतः साडेपाचशेच्या आसपास. दोन-तीन डाइव्हनंतर अंगात नायट्रोजन साठलेला असतो, तेव्हा हे विमानात बसण्याच्याच जातीचं आहे. रात्र खालीच काढा, सकाळी उशिरा निघा, टँक मागच्या सीटवर आडवे बांधून.